बैरूतमधला सव्वा महिना

मी बाळंतिणींची अंगं रगडते आणि बाळांना न्हाऊ घालते. चाळीस वर्षं हेच केलं. राहायला अंबरनाथला, कामाची घरं बहुतेक उल्हासनगरला. कॅम्प दोनच्या बाजारात आज गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांवर डाफरणारे कितीतरी शेठ माझ्या पायांवर पालथे पडून रडलेले आहेत. त्यांना ते आठवत नाही. मला आठवतं.

तिथल्या एका कापडवाल्याच्या घरी मी तीन बाळंतपणं केली, तिन्ही एकाच बाईची. सिंधी माणसं. तिला मी भाभी म्हणते. तिची धाकटी मुलगी लग्न होऊन बैरूतला गेली. जावयाचं तिथे जीन्सचं दुकान होतं, माल उल्हासनगरचाच. पोरगी गेली आणि वर्षाच्या आत तिथे लढाई झाली. महिनाभर वरून बाँब पडत होते. भाभी महिनाभर टीव्हीसमोरून हलली नाही. आपल्या सरकारने जहाजं पाठवली, बरीच माणसं परत आली. ही दोघं आली नाहीत. जावई म्हणाला, दुकान सोडून गेलो तर परत येऊन बघायचं काय?

त्यानंतर पोरीला दिवस गेले. भाभीचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरने विमानाला नाही म्हटलं. तिने मला बोलावून घेतलं.

"तू जा बाई," ती म्हणाली. "तेरे ही हाथ की है वो. सव्वा महिना संभाल उसको."

"भाभी, मी कल्याणच्या पुढे एकटी जात नाही आणि तू मला बैरूतला धाडतेस?"

"विमानात बसायचं फक्त. चलाना नहीं है तेरे को." मग तिने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "आणि येताना नाळ घेऊन ये. कपड्यात बांध, बॅगेत टाक, कोणाला सांगू नको. आपल्या अंगणात पुरू. नाळ इथे आली ना, पोरगी पण पोराला घेऊन येणार. देख लेना."

गळून पडलेली नाळ घराच्या मातीत पुरतात. माणूस फिरून फिरून तिथेच येतं म्हणतात. आम्ही बौद्ध. असलं सगळं आमच्या वडिलांनीच सोडलं. सहाव्या दिवशी बायका पूजा मांडतात तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन चहा पिते. पण नाळ हळदीच्या फडक्यात बांधून घरच्यांच्या हातात देणं हा कामाचाच भाग आहे, ते मी करते. मी भाभीला हो म्हटलं.

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. हल्ली पोरी ऑपरेशन करून येतात, डॉक्टर सांगतात मालिश नको, धुरी नको. घरं कमी होत चालली होती. ती पोरगी बाळाला घेऊन माहेरी आली असती तर वर्षभर रोज सकाळी मला जायला एक घर झालं असतं.

मुलाला सांगायला बदलापूरला गेले. तो, सून आणि नातू तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहतात. "बैरूतला चाललेय," म्हटलं.

"तिथे बाँब फुटतात ना?"

"फुटायचे. आता बंद झालेत म्हणतात."

"परत कधी?"

"दीड महिन्याने."

"बरं," तो म्हणाला. टीव्हीवर मॅच चालू होती. सुनेने चहा दिला. विमानतळावर सोडायला भाभीचा ड्रायव्हर आला.

माझ्या बॅगेत दोन लुगडी आणि बाकी सगळं बाळंतपणाचं. ओवा, बाळंतशेपा, वेखंड, वावडिंग, डिंकाचे लाडू, तिळाच्या तेलाचे डबे. तिकडच्या विमानतळावर एका साहेबाने वेखंडाची पुडी उघडून नाकाशी नेली आणि शिंकत सुटला. दुसऱ्याने ती झटकन बांधून माझ्या हातात दिली. तो शिंकणारा काही बोलण्याच्या परिस्थितीत नव्हता.

जावई न्यायला आला होता. बारीक, तिशीचा, डोक्यावरचे केस विरळ झालेले. घराकडे जाताना रस्त्यावर एक पूल मधूनच तुटलेला होता, त्याच्या बाजूने मातीचा रस्ता काढला होता. मग समुद्र दिसला. समुद्राला लागून लांबच लांब कठडा, त्याला टेकून माणसं कॉफी पीत उभी. समोरच्या मोठाल्या इमारतींच्या भिंतींवर देवीचे वण असावेत तशी भोकं.

"ही आत्ताची?" मी विचारलं.

"नहीं मौसी. ये पुरानी लड़ाई का है. पंद्रह साल चली थी. आत्ताचं तिकडे दक्षिणेला."

म्हणजे भोकांतही जुनी आणि नवी होती. त्या भोकांच्या मधल्या खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले होते. एका भोकात कोणीतरी कबुतर अंड्यांवर बसावं अशी फळी ठोकली होती.

घर चौथ्या मजल्यावर. आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं, रोज चार-पाच तास लाइट नसायची. मला वाटलं होतं निदान तिकडे तरी दिवे असतील. पहिल्याच संध्याकाळी लिफ्ट बंद पडली आणि मी बॅगेसकट चार जिने चढले. जावई म्हणाला रोजचंच आहे. मी म्हटलं, मग अंबरनाथ काय वाईट होतं.

पोरगी मला बघून रडली. पोट एवढं मोठं, चेहरा सुकलेला. "मावशी, मला घेऊन चला," हे तिचं पहिलं वाक्य. "इथे दार आपटलं तरी माझं पोट आवळतं."

"आधी मोकळी हो," मी म्हटलं. "मग बघू."

आठवड्याने ती मोकळी झाली, दवाखान्यात. मुलगा. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. तिसऱ्या दिवशी घरी आली आणि माझं काम सुरू झालं.

धुरीला निखारे लागतात. जावयाने हुक्क्याच्या दुकानातून कोळसे आणले. मी गॅसवर पेटवले, ओवा-शेपा टाकला आणि खोली धुराने भरली. पाच मिनिटांत खालचे-वरचे सगळे दारावर धडका मारायला लागले. एक माणूस अंगावर बनियन, हातात पाण्याची बादली घेऊन उभा. त्या गावात खिडकीतून धूर आला की लोक वास घेत बसत नाहीत. जावयाने हात जोडून सगळ्यांना समजावलं. बादलीवाला आत डोकावला, बाजेवर घोंगडी पांघरून बसलेली बाळंतीण आणि तिच्यापुढची शेगडी बघितली आणि माझ्याकडे असा बघून गेला, जणू मी तिला भाजायलाच आले होते. पुढे धुरी अर्धी केली आणि खिडकी बंद ठेवली.

बाळ झालं त्या आठवड्यात समोरच्या गॅलरीतल्या म्हातारीने जावयाच्या हाती पुदिना पाठवला, तुपाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात लावलेला. त्या शहरात सगळे असेच लावतात. मी तो आमच्या गॅलरीत ठेवला. ती म्हातारी आणि मी रोज सकाळी समोरासमोर यायचो. ती हात वर करायची, मी करायची. मग दोघी आत जायचो. सव्वा महिन्यात बाहेरच्या माणसाशी माझं झालं ते इतकंच बोलणं.

घरात तरी कोण होतं? पोरगी भिंतीकडे तोंड करून पडायची. अंग चोळताना हूं की चूं नाही. जावई सकाळी दुकानात. मी लंगोट धुवायची, खिरी करायची, आणि दुपारी गॅलरीत स्टूल टाकून बसायची. लांब डोंगरावर बर्फ, खाली समुद्र. एवढं चांगलं काहीतरी एकटीने बघण्यात काही अर्थ नसतो. तिकडे बघून कोणाला म्हणायचं, हे बघ म्हणून?

एका रविवारी जावई म्हणाला, चला तुम्हाला शहर दाखवतो. शहराच्या मधोमध लोक सरकारविरुद्ध तंबू ठोकून बसले होते, महिनोन् महिने, तिथे जाता येत नव्हतं. लांबून त्याने मला जमिनीतून खणून काढलेले दगडी खांब दाखवले. दोन हजार वर्षांपूर्वीचं न्हाणीघर, म्हणाला, फरशीखालून जाळ घालायचे. आमच्या अंबरनाथला हजार वर्षांचं देऊळ आहे, मी ते आतून कधी पाहिलं नाही. पण हे न्हाणीघर मला आवडलं. फरशी खालून तापवायची म्हणजे बाळ गारठत नाही. ज्याने बांधलं त्याला अक्कल होती.

आठव्या दिवशी नाळ पडली. पोरीने ती स्वतःच्या हाताने हळदीच्या फडक्यात बांधून मला दिली. "अम्माने सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय."

"ह्यांना कळू देऊ नका. सव्वा महिना झाला की मी तुमच्याबरोबर येणार. नाळ आधी बॅगेत टाका." मी पुडी तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवली.

जावयाला कळायचं ते कळलंच. घर केवढं होतं! एका दुपारी तो गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. दुकानातून दुपारी तो रोज यायचा, बाळाच्या आंघोळीला. हे मी सांगायचं विसरले. मी पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं की तो पाटाजवळ टॉवेल धरून उकिडवा बसायचा आणि एक अक्षर न बोलता बघायचा. आंघोळ बघायला येणारा बाप मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. दुसरा कोणी असता तर म्हटलं असतं, ऊठ, वारा लागतोय पोराला. ह्याला म्हणवलं नाही.

"मौसी," तो म्हणाला, "मेरी नाळ किधर है, मालूम नहीं. बाप आधी आफ्रिकेत, मग सायप्रसला, मग इथे. आईला विचारलं तर म्हणते हॉस्पिटलने फेकली असेल. तुम्ही ती घेऊन जाणार असाल तर मी काय बोलणार. पण इथे आमचं काहीतरी जमिनीत असावं असं मला वाटतं."

"जमीन दाखव आधी," मी म्हटलं. "सगळा सिमेंटचा कारभार."

त्याने बोट दाखवलं. आमच्या इमारतीला लागून एक मोकळा तुकडा होता. तिथली इमारत जुन्या लढाईत पडली, कोणी पुन्हा बांधली नाही. मधे एक अंजिराचं झाड आपोआप उगवलं होतं. एवढं बोलून तो दुकानात गेला.

मी दहाएक दिवस विचार केला. मुलगा दोन वर्षांचा असताना माझा नवरा गेला. मेला असं मी लोकांना सांगते. कुठे गेला ते मला माहीत नाही. मुलाची नाळ मी राहते त्याच घराच्या मागे पुरलेली आहे, मीच पुरली. तो एक स्टेशन पलीकडे राहतो आणि दिवाळीला येतो. तेव्हा नाळेने काय होतं आणि काय होत नाही हे मला कोणी शिकवायला नको. पण पोरगी आणि जावई, दोघांचा नाळेवर विश्वास होता, आणि पुडी माझ्या डब्यात होती. मी ती उल्हासनगरला नेली असती तर पोरगी उठून मागे आली असती. मला रोजचं घर मिळालं असतं आणि तो टॉवेल धरून बसणारा तिथे राहिला असता.

बाविसाव्या दिवशी सकाळी पोरगी झोपलेली होती, जावई दूध आणायला गेला होता. मी पुडी घेतली, स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि लुगड्यावर जावयाचा स्वेटर घालून खाली उतरले. अंजिराच्या झाडाखाली बसले आणि खणायला लागले. माती चांगली होती, भुसभुशीत.

चार बोटं खणलं असेल, तेवढ्यात मागून ओरडणं आलं. कोपऱ्यावर शिपायांची चौकी होती, रणगाडा उभा असायचा, त्याची मला इतकी सवय झाली होती की तो तिथे आहे हेच मी विसरले होते. दोन शिपाई, दोघांच्या बंदुका माझ्याकडे. नंतर मला कळलं की त्या दिवसांत तिथे गाड्यांत, पिशव्यांत बाँब ठेवायचे. आणि मी उजाडता उजाडता पडक्या जागेत खड्डा करून दोरा गुंडाळलेली पुडी ठेवत होते.

"अरे, नाळ आहे, नाळ!" मी ओरडले. पोटाला हात लावून दाखवला. पोटाला हात लावल्यावर ते आणखीच मागे सरकले. त्यांनी हाताने खुणा केल्या, पुडी खाली ठेव, लांब हो. मी ठेवली. लांब झाले. एकाने वायरलेसवर बोलायला सुरुवात केली. गॅलऱ्यांमधून लोक बघायला लागले आणि शिपायांनी हात हलवून त्यांना आत घातलं. अंगठ्याच्या पेराएवढ्या सुकलेल्या कातड्याला भिऊन अख्खी गल्ली लांब उभी होती. मला वैताग आला. आपणच उघडून दाखवावी म्हणून मी दोन पावलं पुढे टाकली, तर बंदुकीचा खटका वाजला. तेव्हा मात्र मी होते तिथेच थांबले. इथे मेले तर अंबरनाथला कोणाला कधी कळेल, हा हिशेब मी तेवढ्या वेळात करून टाकला. उत्तर फार चांगलं आलं नाही.

मग वरून हाक आली. पोरगी गॅलरीत उभी होती. दुसऱ्या मिनिटाला ती खाली. अंगात गाऊन, कानात कापूस, डोक्याला फडकं, काखेत बाळ. मी सगळं विसरून ओरडले, "पायात मोजे कुठायत तुझ्या?"

"गप्प बसा, मावशी!" ती म्हणाली आणि शिपायांकडे वळून त्यांच्या भाषेत बोलायला लागली. तिला ती भाषा येत होती हे मला माहीत नव्हतं. दुधाची पिशवी घेऊन धावत आलेल्या तिच्या नवऱ्यालाही नव्हतं, त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं. दीड वर्ष घरात बसून टीव्हीवरून शिकली होती आणि एकदाही बोलली नव्हती. आता थांबेना. ती सरळ पुडीपाशी गेली, एका हाताने बाळ सांभाळत दाताने दोरा सोडला आणि फडकं उघडून शिपायांसमोर धरलं. मग बाळाची बेंबी दाखवली. मग वर चौथ्या मजल्याकडे बोट.

काय म्हणाली ते जावयाने मला नंतर सांगितलं. "ही माझ्या मुलाची नाळ आहे. तो इथला आहे. त्या घरातला आहे. ही म्हातारी आमची आहे."

मोठ्या शिपायाने बंदूक पाठीला अडकवली. बाळाच्या गालाला बोट लावलं. मग मला उद्देशून बराच वेळ रागाने बोलला. त्या जागेत खणायचं नाही. जुन्या लढाईत पडलेले आणि न फुटलेले गोळे अजून मातीत असतात. मी तिथे उलथन्याने खणत होते.

घरी आल्यावर पोरगी बाजेवर बसली. पुडी तिच्या मुठीत होती.

"तुम्ही ती इथे पुरत होतात," ती म्हणाली. "मला न सांगता."

"हो."

"तुम्ही माझ्या माहेरच्या ना?"

"मी कोणाची नाही," मी म्हटलं. "मी मालिशवाली आहे. पाय वर घे, गार पडलेत."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अंग चोळून घेतलं, खीर खाल्ली, बोलली नाही. नवऱ्याशी बोलत होती, बाळाशी बोलत होती. समोरची म्हातारी गॅलरीत आली तेव्हा तिच्याशी त्यांच्या भाषेत इथून तिथे ओरडून बोलली आणि दोघी हसल्या. कशावर ते मला कळलं नाही. माझ्यावरच असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत गेले तर ती तिथे बसलेली. पुदिन्याचा डबा पुढ्यात, हाताला माती. पुडी आत घालून तिने वरून माती दाबली होती.

"जमिनीत नाही आणि बॅगेत पण नाही," ती म्हणाली. "डबा उचलून नेता येतो, मावशी. जायची वेळ आली तर नेईन. तोपर्यंत इथे."

"पुदिना मरेल," मी म्हटलं.

"नाही मरणार."

त्यानंतर माझ्याबरोबर येण्याचं तिने काढलं नाही. मीही विचारलं नाही. सव्वा महिना झाला तशी बाळाची शेवटची आंघोळ घातली. जावई टॉवेल घेऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, उद्यापासून तुझ्या पायांवर, आणि पाय कसे जुळवायचे ते दाखवलं. तो विमानतळापर्यंत आला. पोरीने जिन्यातच निरोप दिला, बाळ रडत होतं.

कॅम्प दोनला भाभी दारातच उभी होती. "आणलीस?"

"नाही."

"कुठे आहे?"

"पुदिन्यात," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मैंने तेरे को किस काम के लिए भेजा था?" चहाचं विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिच्या सुनेचं बाळंतपण झालं, ते दुसऱ्या बाईला दिलं. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. पण त्या गल्लीत जाणं संपलं, आणि ते घर संपल्यावर बाकीची दोन घरंही हळूहळू संपली. सकाळी उठून मी अंघोळ करते, चहा करते आणि नऊ वाजता सगळं झालेलं असतं.

वर्षभराने मे महिन्यात त्या शहरात पुन्हा गोळीबार सुरू झाला. ह्या वेळी बाहेरून कोणी आलं नव्हतं, गल्लीगल्लीत आपापसातच. शेजारणीच्या टीव्हीवर मी बघितलं. तोच कठडा, तोच समुद्र, मधे टायर जळत होते. सगळ्या गॅलऱ्या रिकाम्या. पुदिन्याचा डबा कुठे दिसतोय का ते मी बघत होते. मग शेजारणीने मालिका लावली.

मुलाने दिलेला जुना मोबाईल माझ्याकडे होता. त्यावर बहुतेक कंपनीचेच फोन यायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी वाजला. आवाज लांबून येत होता, मागे एक पोर ओरडत होतं, चांगलं मोठं झालेलं.

"मावशी, मी. घाबरू नका. आम्ही मधल्या खोलीत आहोत, तिघं. दुकान बंद आहे."

"येतेस का इकडे?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "डबा आत घेतलाय फक्त."

"पुदिना आहे अजून?"

"आहे की. जंगल झालंय."

"मग पाणी कमी घाल," मी म्हटलं. "आत ऊन नसतं."